हेडफोनचा बेस पारखण्यासाठी कोणते संगीत निवडावे

नवे हेडफोन हातात आले की बहुतेक जण वरातीत किंवा गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत गाजलेले एखादे डीजेचे गाणे लावतात, आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवतात आणि कानात धडधड जाणवली की बेस, म्हणजे खालच्या स्वरांचा आवाज, चांगला असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे होतात. या पद्धतीने फक्त एवढेच कळते की हेडफोनमध्ये बेस आहे. तो किती खोल उतरतो, खर्जातले दोन वेगवेगळे आवाज तो वेगळे ठेवतो की त्यांचा एकच गोंगाट करतो, आणि गाणाऱ्याचा आवाज त्याखाली दबतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या गाण्यातून मिळत नाहीत, कारण ते गाणे मुळात उघड्या रस्त्यावर, मोठ्या साउंड सिस्टिमवर वाजवण्यासाठी तयार केलेले असते.

विदर्भातल्या खेड्यात किंवा तालुक्याच्या गावात राहणाऱ्या ग्राहकाला ही परीक्षा नीट करता येणे अधिक गरजेचे आहे. नागपूरच्या सीताबर्डीत किंवा अमरावतीच्या बाजारात एखादा दुकानदार नमुन्याचा हेडफोन कानाला लावून पाहू देईलही. गावाकडच्या मोबाइलच्या दुकानात मात्र डबा उघडला की माल आपला झाला, आणि ऑनलाइन मागवला तर परत करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. तेवढ्या दिवसांत निर्णय घ्यायचा तर पाच-सहा ध्वनिमुद्रणे आधीच निवडून फोनमध्ये उतरवून ठेवलेली बरी. निवडीचा पहिला नियम असा, की ज्या वाद्याचा आवाज आपण मांडवात, देवळात किंवा पारावर बसून, मध्ये कोणतेही यंत्र न येता ऐकलेला आहे, ते वाद्य असलेले ध्वनिमुद्रण सर्वांत आधी घ्यावे. बेस तपासण्यासाठी म्हणून सुचवल्या जाणाऱ्या बहुतेक विदेशी गाण्यांचा मूळ आवाज कसा आहे हे आपल्याला ठाऊक नसते, त्यामुळे हेडफोनने त्यात काय बदल केला हेही कळू शकत नाही. सप्ताहातला मृदंग मात्र आपल्याला पाठ असतो.

पहिली पायरी : खालचा पट्टा ओळखणे

तरुण आणि निरोगी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने) आवाज ऐकू येतात. त्यातला २० ते २५० हर्ट्झचा पट्टा ढोबळमानाने बेस समजला जातो आणि पारखण्याच्या सोयीसाठी त्याचे तीन भाग करावेत. २० ते ६० हर्ट्झ हा सब-बेस. तो ऐकू येण्यापेक्षा कानावर दाब आल्यासारखा अधिक जाणवतो. त्यावरचा, सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचा भाग ठोक्याचा आहे : ढोलाची थाप, ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा किक ड्रम आणि डग्ग्याचा घुमारा यांचे बळ इथे असते. १२० ते २५० हर्ट्झच्या भागात पुरुषी आवाजाच्या तळाचा बराचसा भाग असतो, आणि स्वस्त हेडफोन बहुधा इथेच फुगलेले असतात. फुगवटा इथला असला तरी घेणाऱ्याला तो खोल बेस वाटतो, आणि डब्यावरच्या ‘एक्स्ट्रा बेस’ या शब्दांमागे पुष्कळदा एवढेच असते.

काही खुणा ध्यानात ठेवल्या तर गाणे निवडताना अंदाज येतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांच्या गिटारची ३१ ला. पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झची असते. पुरुष गायक काळी एक या पट्टीत गात असेल तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लावलेली असते.

हे आकडे उपयोगाचे असले तरी त्यांच्यामुळे एक फसगत होते, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ४१ हर्ट्झची तार छेडली की तिच्यातून ८२, १२३, १६४ असे पटीतले स्वरही निघतात. सर्वांत खालचा ४१ चा स्वर हेडफोनने गाळला तरी वरच्या स्वरांमधल्या अंतरावरून मेंदू मूळ स्वर ताडतो आणि आपल्याला तो ऐकू आल्यासारखा वाटतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा स्वर जवळजवळ निघतच नाही, तरी बेस गिटारची चाल आपल्याला कळते, ती याच कारणाने. म्हणून ‘बेसची चाल ऐकू आली’ एवढ्यावरून सब-बेस आहे असे समजू नये. निवडीत निदान एक तरी ध्वनिमुद्रण असे हवे, की ज्यातला खर्ज जवळपास शुद्ध आहे आणि त्यात पटीतले स्वर फारच थोडे आहेत. ते कोणते, हे पुढे सांगितले आहे.

दुसरी पायरी : कानात नीट बसवणे

गाणे लावण्यापूर्वीचे हे काम सर्वांत कंटाळवाणे, पण निकाल सर्वांत जास्त यावरच ठरतो. कानात घालायच्या इअरफोनमधला, हलून आवाज काढणारा पडदा फार लहान असतो. कानाच्या नळीत बंदिस्त झालेल्या जराशा हवेवर तो दाब निर्माण करतो, म्हणूनच एवढ्याशा पडद्यातून खोल बेस मिळू शकतो. कुठे फट राहिली तर हा दाब निसटतो, आणि निसटतो तो आधी खालच्या स्वरांचा. डब्यातून साधारणपणे तीन मापांच्या रबरी टिप मिळतात, त्या तिन्ही लावून पाहाव्यात. दोन्ही कानांना एकच माप बसेल असे मुळीच नाही. टिप बसवल्यावर आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला आणि पंख्याची घरघर कमी झाली, तर ती नीट बसली असे समजावे.

कानावरून घालायच्या मोठ्या हेडफोनला चष्म्याची काडी, मोठे डूल किंवा डोक्याला बांधलेला दुपट्टा एवढेसुद्धा अडथळे पुरतात. मे महिन्यात घामाने टिप सरकते आणि रेक्झिनच्या गाद्या एक-दोन उन्हाळ्यांत सोलून निघू लागतात. तेव्हाही पहिल्यांदा बेसच जातो. अशा वेळी हेडफोन बिघडले असे समजून नवे घेण्याआधी गाद्या बदलून पाहाव्यात.

तिसरी पायरी : फोन, फाइल आणि वेळ

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन इक्वलायझर (स्वरांचे पट्टे कमी-जास्त करण्याची सोय), बेस बूस्ट, डॉल्बी किंवा तत्सम सगळे परिणाम बंद करावेत. हेडफोनचे स्वतःचे ॲप असेल तर त्यातही हेच करावे. हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट कापणारी नॉईज कॅन्सलेशनची सोय असेल तर ती चालू ठेवून आणि बंद करून अशी दोनदा परीक्षा घ्यावी, कारण पुष्कळ मॉडेलमध्ये या दोन अवस्थांतला बेस सारखा नसतो.

गाणी व्हॉट्सॲपवरून आलेली नसावीत. गाण्याच्या ॲपमध्ये डेटा वाचवण्याची सोय चालू असेल तर ती परीक्षेपुरती बंद करावी आणि उच्च दर्जा निवडून, नेटवर्क बरे असताना, गाणी डाउनलोड करून ठेवावीत. स्पॉटिफायमध्ये सर्वांत कमी दर्जा सुमारे २४ आणि ‘व्हेरी हाय’ दर्जा सुमारे ३२० केबीपीएसचा (दर सेकंदाला किती डेटा येतो त्याचे माप) असतो, यावरून फरक ध्यानात यावा. फाइल दाबून लहान केली की आधी वरचे, झांजेचे स्वर बिघडतात, बेस त्यामानाने टिकतो. पण ठोक्याचा टणत्कार वरच्या स्वरांतच असल्यामुळे ढोलाची थाप मऊ पडते आणि दोष हेडफोनच्या माथी येतो. नावात ‘बेस बूस्टेड’ किंवा ‘८डी’ असे लिहिलेली गाणी तर घेऊच नयेत, कारण त्यांत कोणीतरी आधीच फेरफार केलेला असतो.

गावातल्या भजनाचे आपणच मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण लावण्याचा मोह होतो. वाद्य ओळखीचे असते हे खरे, परंतु फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो खालचे स्वर कमी करतो आणि मोठा ठोका आला की आवाज आपोआप दाबतो. वाद्य ओळखीचे आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओतले, असा मेळ बसवावा.

वेळेबद्दल थोडे. पंखा, कूलर, ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि जिनिंगची यंत्रे यांचा गोंगाट मुख्यतः खालच्याच स्वरांचा असतो आणि तो हेडफोनमधल्या बेसला झाकून टाकतो. एसटीत बसून केलेली परीक्षा याच कारणाने बाद समजावी. काकड्याच्या वेळी किंवा रात्री जेवणानंतर, कूलर बंद करून बसण्याइतका गारवा असेल तेव्हा ऐकावे. शेतात जागलीवर असताना शांतता उत्तम मिळते, पण तिथे दोन्ही कान बंद करून बसणे धोक्याचे आहे. रानडुकरांचा कळप धुऱ्यावर आल्याची चाहूल कानांनीच लागते.

चौथी पायरी : संगीताची निवड

पहिले ध्वनिमुद्रण पखवाजाचे किंवा मृदंगाचे असावे. वारकरी कीर्तन ज्याने ऐकले आहे त्याला या वाद्याचे दोन्ही चेहरे ठाऊक असतात. उजव्या तोंडावर शाई, म्हणजे काळा लेप, असते आणि तिथून टणक, सुरेल बोल निघतो. डाव्या तोंडावर, म्हणजे धूमवर, वाजवण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापतात. कीर्तन उभे राहण्याआधी मृदंग वाजवणारा कणीक थोडी लावतो, थाप मारून पाहतो, पुन्हा थोडी काढतो किंवा बोटाला पाणी लावून ती पसरतो. त्या वजनाने चामडे संथ हलते आणि स्वर खाली उतरतो. ही जुळवाजुळव ज्याने जवळ बसून पाहिली आहे, त्याचे कान या परीक्षेसाठी तयारच आहेत. हेडफोनवर एकल पखवाजवादन लावावे आणि धूमवरची उघडी थाप ऐकावी. तिच्यात आधी हाताचा चामड्यावर पडलेला आघात, मग लगेच घुमारा, आणि मग घुमाऱ्याचे विरणे, असे तीन टप्पे वेगळे कळले पाहिजेत. आघात हरवून नुसताच घुमारा राहत असेल तर बेस ढिला आहे. आघात आहे पण घुमारा आखूड, पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा असेल, तर बेस उथळ आहे.

दुसरे ध्वनिमुद्रण एकल तबल्याचे, विलंबित लयीतले घ्यावे. डग्ग्यावर मनगट सरकवून वादक घुमारा खालून वर चढवतो, तो चढ हेडफोनमध्ये अखंड कळतो का, हे पाहायचे. चांगल्या हेडफोनमध्ये स्वर चढताना त्याची ताकद फारशी बदलत नाही. फुगलेल्या हेडफोनमध्ये मधल्या एखाद्या जागी तो अचानक मोठा होतो आणि पुढे परत लहान होतो. ही परीक्षा मला सगळ्यांत जास्त भरवशाची वाटते, कारण एकाच बोलात बेसचा बराचसा पट्टा क्रमाने तपासला जातो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले, की शाईच्या वजनामुळे आपल्या तालवाद्यांतले वरचे स्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत येतात. साध्या ढोलाच्या चामड्यावर तसे होत नाही. त्यामुळे तबला आणि मृदंग ही ताल देणारी वाद्ये असूनही सुरात लावता येतात, आणि सूर असलेल्या वाद्यात हेडफोनने केलेली गडबड साध्या कानालाही चटकन जाणवते.

तिसरे ध्वनिमुद्रण बेस गिटारचे. १९८० च्या आणि १९९० च्या दशकांतली पुष्कळ हिंदी आणि मराठी चित्रपटगीते यासाठी चालतात. ज्यात बेस गिटार एकाच जागी ठोके न देता स्वरावरून स्वरावर चालत राहते असे एखादे निवडावे. चालीतला प्रत्येक स्वर सारख्याच ताकदीचा वाटला पाहिजे. काही स्वर ठळक आणि काही गायब होत असतील, तर हेडफोन एका विशिष्ट जागी जोर देतो आणि बाकीचे सोडून देतो. गाणे ऐकता ऐकता ती चाल गुणगुणता येते का, ही त्याहून सोपी कसोटी. ठोके मोजता येतात पण स्वर सांगता येत नाहीत, असा हेडफोन डीजेसाठी ठीक असेल, गाण्यासाठी नाही.

चौथे ध्वनिमुद्रण वर उल्लेखलेल्या शुद्ध खर्जाचे. यासाठी इलेक्ट्रॉनिक संगीत लागते आणि इथे पारंपरिक वाद्यांचा आग्रह सोडावा. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचे ताल देणारे यंत्र आणले. त्याचा बेस ड्रम ५० हर्ट्झच्या आसपासचा, लांब घुमणारा आणि वरच्या पटीतले स्वर फार कमी असलेला असतो. आजच्या हिपहॉपमध्ये आणि त्यावरून बेतलेल्या मराठी रॅपमध्येही त्याच आवाजाचे नाना प्रकार वापरले जातात. हा घुमारा कानावर दाब देत सावकाश विरत गेला पाहिजे. मोबाइलच्या स्पीकरवर जो ठोका जवळजवळ ऐकूच येत नाही आणि हेडफोन लावल्यावर एकदम समोर येतो, तो या कामाचा, हे गाणे निवडण्याची सोपी खूण. मात्र काही निर्माते मोबाइलवरही ऐकू यावे म्हणून या आवाजात मुद्दाम खरखर मिसळतात. तसे गाणे घेऊ नये, नाहीतर हेडफोन फाटतो आहे की गाणेच तसे आहे हे कळणार नाही.

याच कामासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे एखादे ध्वनिमुद्रण जोडीला ठेवता आले तर उत्तम. जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसच्या १८९६ च्या ‘आल्झो श्प्राख झरथुश्त्रा’ या रचनेच्या अगदी सुरुवातीला ऑर्गन, डबल बेस आणि काँट्राबसून या खर्जाच्या वाद्यांचा खालचा षड्जासारखा धरून ठेवलेला एकच स्वर आहे. तो सुमारे ३३ हर्ट्झपर्यंत खाली जातो. तुताऱ्या सुरू होण्यापूर्वी कानाखाली काहीतरी थरथरते आहे असे जाणवले, तर हेडफोन खरोखरच खोल जातो. काहीच जाणवले नाही तर आधी टिप तपासावी.

पाचव्या ध्वनिमुद्रणात बेस नसावा. बेसच्या परीक्षेत बेस नसलेला आवाज कशाला, असे वाटेल, पण माझ्या मते घाईत असणाऱ्याने इतर सगळे सोडून एवढे एकच केले तरी चालेल. आकाशवाणीवरचे पुरुष निवेदकाचे बातमीपत्र किंवा एखाद्या व्याख्यात्याचे स्वच्छ ध्वनिमुद्रण लावावे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. निवेदक रांजणात तोंड घालून बोलतो आहे असे वाटले, तर त्या हेडफोनचा वरचा बेस फुगलेला आहे हे नक्की समजावे, मग डीजेच्या गाण्यात तो कितीही दणकेबाज वाटो. दुसरा तसाच उपाय म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचे एखादे जुने नाट्यपद. विजेच्या माइकने ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झाले. त्याआधीच्या कर्ण्यात गाऊन केलेल्या तबकड्यांमध्ये खोल बेस जवळपास नाहीच, आणि नंतरच्याही कित्येक वर्षांच्या तबकड्यांत तो बेताचाच आहे. अशा पदात धीरगंभीर घुमारा ऐकू आला, तर तो तबकडीतला नसून हेडफोनच्या पदरचा आहे.

राहिला धुमाल, म्हणजे विदर्भातल्या मिरवणुकीतला ढोल-ताशा-कीबोर्डचा ताफा, आणि डीजे यांचा प्रश्न. संदल, वरात, मंडई, पोळा यांतून वाढलेल्या माणसाला धुमालचा दणका हाच बेसचा अर्थ वाटणे स्वाभाविक आहे आणि ज्याला तेच संगीत ऐकायचे आहे त्याने ते जरूर लावून पाहावे. फक्त क्रमात शेवटी लावावे. दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. मिरवणुकीत तो बेस आपण कानांइतकाच छातीने आणि पायाखालच्या जमिनीतून ऐकत असतो. हेडफोनपाशी कानाखेरीज दुसरा मार्ग नसतो, त्यामुळे छातीत धस्स होण्याची अपेक्षा कोणत्याही किमतीचा हेडफोन पुरी करणार नाही, आणि ती पुरी व्हावी म्हणून आवाज वाढवत नेला तर नुकसान कानांचे होते. दुसरे, धुमालमध्ये ढोल, ताशे आणि कीबोर्ड एकाच वेळी वाजतात. तेव्हा ऐकायचे ते हे, की ढोल जोरात असताना ताशाची कडकड स्वच्छ राहते की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला ती दबते. खंजिरी भजनही या कामाला चांगले. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली भजने विदर्भात घराघरांत ऐकली जातात. खंजिरीची थाप, तिच्या चकत्यांची किणकिण आणि गाणाऱ्याचे शब्द ही तिन्ही अंगे एकमेकांवर न चढता ऐकू आली पाहिजेत.

पाचवी पायरी : ऐकण्याची रीत

प्रत्येक ध्वनिमुद्रणातला तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा ठरवून घ्यावा आणि तोच पुन्हा पुन्हा ऐकावा. संपूर्ण गाणे ऐकत बसले की माणूस गाण्यात रमतो आणि परीक्षा राहून जाते. आवाज मध्यम ठेवावा, मात्र फार हळूही नको. कान खालच्या स्वरांना मुळात कमी दाद देतात. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचे माप) स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला आजच्या मानकानुसार ७० डेसिबलपेक्षाही जास्त पातळी लागते. आवाज वाढला की हा फरक कमी होत जातो, म्हणजे कोणताही हेडफोन मोठ्या आवाजात अधिक बेसदार वाटतो.

दोन हेडफोनची तुलना करताना याचमुळे गफलत होते. जो थोडा मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो. तुलनेपूर्वी बातमीपत्र लावून निवेदकाचा आवाज दोन्हींत सारखा वाटेल इतकी पातळी जुळवावी आणि मग बेसची गाणी लावावीत. शेजाऱ्याचा किंवा भावाचा हेडफोन तासाभरासाठी मागून घेतला तरी पुरतो. एकट्या हेडफोनवरून मत बनवण्यापेक्षा दुसरा कसाही हेडफोन शेजारी असणे केव्हाही बरे.

गाण्यांत खर्ज बहुधा दोन्ही कानांत समान ठेवलेला असतो, त्यामुळे तो डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवा. तो एका बाजूला झुकत असेल तर दुसऱ्या बाजूच्या कानाची टिप नीट बसलेली नाही. ती बदलूनही फरक पडला नाही, तर इअरफोनचे डावे-उजवे कान अदलाबदल करून पाहावे. झुकाव इअरफोनबरोबर फिरला तर दोष वस्तूत आहे, आणि ती परत करायला हे कारण पुरेसे आहे.

सहावी पायरी : स्वरांनी पडताळा

गाण्यांवरून बनलेले मत पडताळण्यासाठी ठरावीक हर्ट्झचा स्वर निर्माण करणारे एखादे मोफत ॲप घ्यावे. आवाज कमी ठेवून १०० हर्ट्झपासून सुरुवात करावी आणि ८०, ६०, ५०, ४०, ३० असे खाली उतरावे. स्वर हळूहळू दुर्बळ होत जाणे साहजिक आहे. एखाद्या जागी तो एकदम नाहीसा होणे, फरफर ऐकू येणे किंवा एकाच कानात कंप जाणवणे हे मात्र दोषाचे लक्षण आहे. २० हर्ट्झला काही ऐकू आले नाही म्हणून आवाज वाढवू नये. तसाच वाढवलेला आवाज ठेवून वरच्या स्वरावर गेलात तर तो कानाला इजा करील इतका मोठा निघेल.

डब्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे छापलेले असते, ते या पडताळ्याला पर्याय नाही. दोन टोकांना आवाज किती डेसिबलने पडतो हे त्यासोबत दिलेले नसेल तर त्या आकड्यांवरून काहीच ठरत नाही. पडद्याचा व्यास १० मिलिमीटर की १२, यावरूनही बेसची प्रत सांगता येत नाही.

निकाल लावताना स्वतःची आवडही हिशेबात धरावी. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्मन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीत केलेल्या श्रवण-चाचण्यांत बहुसंख्य श्रोत्यांनी अगदी सपाट बेसपेक्षा थोडा उचललेला बेस पसंत केला होता, तेव्हा बेस जरा जास्त आवडणे यात चूक काही नाही. तो उचल १०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली असला, निवेदकाचा आवाज स्वच्छ राहिला आणि डग्ग्याचा चढ अखंड कळला, तर हेडफोन ठेवून घ्यावा. निवेदक घुमतो आहे, पण बाकी सारे ठीक आहे, अशी स्थिती असेल तर इक्वलायझरमध्ये १२५ आणि २५० हर्ट्झच्या पट्ट्या दोन-तीन डेसिबलने खाली ओढून पाहाव्यात. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. सब-बेस मुळातच नसेल तर इक्वलायझरने तो आणण्याचा प्रयत्न करू नये, कारण पडदा ताणला जाऊन आवाज फाटतो.

परीक्षा एका बैठकीत उरकू नये. पहिल्या दिवशी टिप आणि पातळी जुळवण्यातच वेळ जातो, आणि मोठ्या आवाजातून आलेल्या कानांना, म्हणजे वरातीतून किंवा मळणीयंत्राजवळून परतल्यावर, बराच वेळ बारीक फरक कळत नाहीत. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायचे तर पातळी ८० डेसिबलच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ आहे. परत करण्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी तेच तुकडे त्याच पातळीवर पुन्हा ऐकावेत, पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या नोंदींशी ताडून पाहावेत आणि डबा, पावती व सगळ्या मापांच्या टिप तोवर जपून ठेवाव्यात.